फोनने लिहिलं, ॲपने वाचलं, भोंगा वाजला

माझ्या हुद्द्याचं नाव आमच्या डेअरीत कुणाला कधी एका दमात घेता आलं नाही. दारावरच्या पाटीवर 'ओम्बुड्सपर्सन' असं लिहिलं होतं. गेटवरचा वॉचमन मला 'ओमबूट मॅडम' म्हणायचा. कँटीनमधली पोरं 'ऑम्लेट मॅडम' म्हणायची, माझ्या पाठीमागे, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. साताऱ्याला आमच्या सासूबाईंनी तर शेजारणीला सांगून टाकलं होतं, "सून आता कंपनीत बुडवायच्या खात्यात आहे." त्या गेल्या तरी शेजारीण अजून माझ्याकडे जरा जपूनच बघते.

पाटीवर काहीही असो, कामगार मला 'सिस्टर'च म्हणत. कारण हे खातं मिळायच्या आधी बरीच वर्षं मी त्याच डेअरीच्या दवाखान्यात नर्स होते. डेअरी उंब्रजच्या अलीकडे, हायवेपासून थोडी आत. बोट कापलं, वाफेनं हात भाजला, पाठ धरली, की माणूस माझ्यापुढे स्टुलावर येऊन बसायचा. पट्टी बांधून होईपर्यंत त्याला हलता येत नाही आणि मलाही. मग तो बोलायचा. साहेब कसा टाकून बोलला, रजा कशी नाकारली, कोण कुणाशी का बोलत नाही. वरच्या लोकांनी कुठल्याशा परिषदेत ऐकलं, की मोठ्या कंपन्यांत असं ऐकणारं एक माणूस मुद्दाम नेमतात. आमच्याकडे ते आधीच होतं, फक्त त्याला पाटी नव्हती.

हे काम नेमकं काय, ते सांगते. माझ्याकडे येऊन कुणीही काहीही बोलावं. मी ते कुणाला सांगत नाही, मालकालाही नाही. मी निकाल देत नाही, कुणाला शिक्षा करत नाही, कुणाची बाजू घेत नाही. वाट दाखवते, दोन माणसांना एका खोलीत बसवते, आणि माणूस गेल्यावर कागदाचा कपटाही मागे ठेवत नाही. मालकांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही करता काय?" मी म्हटलं, "गप्प बसते." ते म्हणाले, "त्याचा पगार द्यायचा?" फटकळ सांगलीचं माहेर असल्यामुळे मला उत्तर लगेच सुचलं होतं, पण गप्प बसायची सुरुवात तिथूनच करावी असं ठरवलं.

आता ही गोष्ट अलीकडची आहे, मी निवृत्त व्हायच्या थोडी आधीची. दोघांनाही विचारून लिहिते आहे. नावं मात्र मी बदलली आहेत. "लिवा की," असं त्यातला एक जण म्हणाला, "पन माझं नाव जरा झ्याक ठेवा." म्हणून त्याचं नाव हणमंत.

हणमंत अमोनिया प्लँटवर ऑपरेटर. दूध थंड ठेवायला मोठमोठे कॉम्प्रेसर लागतात आणि त्यांत अमोनिया वायू खेळवतात. हा वायू नाकात गेला तर माणूस आधी रडतो आणि मग पळतो. गळती झाली तर भोंगा वाजवायचा आणि सगळ्यांनी गेटजवळच्या मैदानात जमायचं, असा नियम. हणमंतनं उभं आयुष्य त्या कॉम्प्रेसरच्या घरघरीत काढलं. त्यामुळे तो घरीही ओरडूनच बोलतो, असं त्याची सून म्हणते.

दुसरा दिनकर. डिप्लोमा करून आला तेव्हा त्याला व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवायचा ते हणमंतनं शिकवलं. पुढे तोच त्या खात्याचा शिफ्ट इनचार्ज झाला. हणमंतला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. दोघं डबा एकत्र खायचे, आणि दिनकर साहेब झाला तरी हणमंत त्याला कॉम्प्रेसरच्या आवाजावर 'दिन्याऽऽ' अशीच हाक मारायचा.

त्या वर्षी साताऱ्याच्या हेड ऑफिसातून नेहा आली. वाईची पोरगी, पुण्याला शिकलेली, हुशार, आणि बोलायला गोड. तिनं तक्रारींसाठी एक ॲप आणलं. कामगारानं फोनवर तक्रार टाकायची. आतली कृत्रिम बुद्धिमत्ता ती वाचणार, तिला समजून घेणार आणि योग्य खात्याकडे पाठवणार. ॲप उघडलं की पहिल्यांदा माझा फोटो यायचा. गुलाबी साडीतला, बऱ्यापैकी हसरा. खाली लिहिलेलं, 'मनमोकळं बोला'.

"मॅडम, तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे ना, म्हणून," नेहा म्हणाली.

मला फोटो आवडला होता हे कबूल करते. आत मी नाही, यंत्र आहे, हे कुणाला वेगळं सांगायला हवं असं तेव्हा ना तिच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

सगळंच वाईट झालं असंही नाही. पलूसच्या आमच्या चिलिंग सेंटरमधली लॅबची एक मुलगी, मी दर आठवड्याला तिथं जायचे तेव्हा मला बघून हसायची आणि निघून जायची. एकदा ती आली, दार लावलं आणि एक वाक्य घडाघडा म्हणून टाकलं. म्हणाली, घरी फोनमधल्या चॅटबॉटशी बोलून बोलून हे वाक्य तयार केलं, आणि फोननंच सांगितलं की आता हे एखाद्या माणसाला सांग. पहिलं वाक्य तिला यंत्रानं दिलं, पुढचं सगळं तिचं ती बोलली. ते काय होतं ते मी सांगणार नाही. पण त्या दिवसापासून यंत्राला नावं ठेवताना मी जरा थांबते.

आता भोंगा.

सकाळची वेळ. मी कँटीनमध्ये चहा घेत होते आणि भोंगा वाजला. सरावाचा वार नव्हता, म्हणजे खरा. पोह्याच्या बशा टाकून सगळे मैदानाकडे पळाले. टँकर गेटबाहेर थांबले. आचारी झारा घेऊनच धावला. प्लँट हेड इनामदार साहेब ओला नॅपकिन नाकावर धरून सगळ्यांची हजेरी घेत होते, त्यामुळे कुणाचंच नाव कुणाला कळत नव्हतं आणि सगळेच हजर म्हणत होते. सेफ्टीची माणसं मास्क घालून अमोनिया प्लँटमध्ये शिरली. आत हणमंत आणि त्याचा सोबती निवांत मीटरचे आकडे बघत उभे. कॉम्प्रेसरच्या आवाजात त्यांना भोंगा ऐकूच गेला नव्हता. गळतीचा पत्ता नाही. वास नाही. काही नाही.

चौकशी झाली. ॲपवर तक्रार आली होती: 'महोदय, गेल्या काही काळापासून सदर विभागात विषारी वातावरण निर्माण झाले असून माझ्या आरोग्यावर त्याचा गंभीर परिणाम होत आहे. तातडीने हस्तक्षेप न झाल्यास परिस्थिती हाताबाहेर जाऊ शकते.' पाठवणारा हणमंत. विभाग अमोनिया. ॲपनं ते वाचलं, 'विषारी' आणि 'अमोनिया' यांची सांगड घातली आणि सेफ्टीच्या फोनवर लाल अक्षरांत इशारा पाठवला. ड्यूटीवरच्या माणसानं भोंगा वाजवला. त्याचं काहीच चुकलं नाही. मीही वाजवला असता.

दुसऱ्या दिवशी हणमंतला नोटीस मिळाली. खोटी सूचना देऊन उत्पादन बंद पाडल्याबद्दल कामावरून का काढू नये, याचा खुलासा करा.

तो माझ्याकडे आला तेव्हा हातात नोटीस होती आणि तोंडावर नुसतं आश्चर्य.

"आवं सिस्टर, मी गॅसचं नावच काढलं न्हाई! मी तुमास्नी सांगत हुतो, आनि ह्ये भोंगं कशापायी वाजवत्यात?"

"मला कुठं सांगत होतास?"

"फोनवर की. तुमचा फोटू हाय न्हवं त्येच्यावर. मला वाटलं आत तुमीच बसलाय."

माझा चहा तिथंच निवला. फोटो माझा, विश्वास माझ्यावरचा, आणि आत बसलं होतं भलतंच कुणी.

हळूहळू उलगडा झाला. हणमंतला लिहायचा कंटाळा. सुनेनं त्याला शिकवलं होतं की फोनला नुसतं बोलून सांगायचं, फोन चांगल्या भाषेत लिहून देतो. त्यानं सांगितलं, फोननं लिहिलं, त्यानं न वाचताच ॲपवर टाकलं. 'विषारी वातावरण' हे शब्द फोनचे. हल्ली हापिसातले शिकलेले लोक जिथं माणसाचा जीव घुसमटतो त्या जागेला असं म्हणतात. पण अमोनिया प्लँटमध्ये त्याचा अर्थ एकच.

"तू फोनला काय सांगितलं होतंस?" मी विचारलं.

हणमंतनं नोटिशीची घडी घातली. मग म्हणाला, आणि या वेळी ओरडून नाही, "दिनकर माझ्या आईच्या दहाव्याला आला न्हाई. येवढंच. लय जनं आली. ज्यांच्याशी माझं बोलनं न्हाई ती पन आली. ह्यो आला न्हाई. आनि मी कामावर परत आलो तर समद्यांच्या म्होरं म्हनतो, झाला का आराम? आई मेली सिस्टर माझी. आराम म्हनतो."

एवढं साधं वाक्य होतं. 'दिनकर दहाव्याला आला नाही.' हे वाचून कुठल्याच यंत्रानं भोंगा वाजवला नसता.

तो गेला आणि संध्याकाळ व्हायच्या आत दिनकर आला. डोळे खोल गेलेले. खुर्चीत बसला तो टेकून नाही, पुढे वाकून.

"सिस्टर, हितं बोललेलं बाहीर जात न्हाई न्हवं?"

"नाही."

"हणमंतला पन न्हाई?"

"त्याला तर नाहीच."

मग त्यानं सांगितलं. हणमंतची आई गेली तेव्हा ड्यूट्या लावणाऱ्या सॉफ्टवेअरनं बदली माणूस उपलब्ध नाही असं दाखवलं. नियमाप्रमाणे हणमंतला मोजकीच रजा मिळाली असती आणि दहाव्याच्या आधीच कामावर यावं लागलं असतं. दिनकरनं त्याची रजा पूर्ण मंजूर करून टाकली आणि त्याच्या जागी स्वतः उभा राहिला. आपली पाळी संपली की हणमंतची पाळी. इनचार्जनं असं सलग काम करणं नियमात बसत नाही, म्हणून कुणाला बोलला नाही आणि सोबतच्या माणसालाही बोलू दिलं नाही. दहाव्याच्या दिवशीही तो कॉम्प्रेसरपुढे होता.

"आणि सगळ्यांसमोर 'झाला का आराम' असं का म्हणालास?"

"आवं, मला तवा उभ्या उभ्या झोप येत हुती. काय बोललो मला ठावं न्हाई. घरी गेलो आन बायकोनं सांगितलं की मी जेवताना बी 'प्रेशर किती' म्हनून इचारतोय."

"मग सांग ना त्याला."

"न्हाई. त्येला उपकार वाटंल. म्हातारीनं मला पोरागत जेवू घातलंय. त्येचा हिशोब मी असा सांगत फिरू व्हय? तुमी पन सांगू नगा."

वाचणाऱ्याला वाटेल, सोपं आहे, हणमंतच्या कानात सांगून टाकायचं, दोन मिनिटांत मिटलं. माझं काम नेमकं इथंच अवघड होतं. मला दोन्हीकडचं ठाऊक होतं आणि यातलं काहीच माझं नव्हतं. एकदा मी कुणाचं गुपित कुणाच्या भल्यासाठी फोडलं, की दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे कुणी येणार नाही. जिन्यात हणमंत भेटायचा, "त्यो काय म्हनला?" विचारायचा, आणि मी "पाऊस कसा काय तुमच्याकडं?" असं विचारायचे. भर उन्हाळ्यात.

इकडे नोटिशीची मुदत जवळ येत होती. आणि त्या दोघांनी फोनकडूनच एकमेकांना संदेश लिहून घ्यायला सुरुवात केली होती. 'आपल्या निराधार आरोपांमुळे', 'माझ्या प्रतिष्ठेस पोहोचलेली हानी', 'योग्य त्या मंचावर दाद'. ज्यांनी जन्मात एकमेकांना 'अहो' म्हटलं नव्हतं ते आता वकिलासारखे बोलत होते, मधे फक्त एक भिंत ठेवून.

नेहा मनापासून मदत करायला आली. "मॅडम, दोघं तुमच्याशी जे बोलले ते टूलमध्ये टाका. ते सारांश काढतं आणि मधला मार्ग सुचवतं."

"आणि ते टाकलेलं कुठं जातं?"

"सर्व्हरवर. अगदी सेफ असतं."

"कोण कोण बघू शकतं?"

प्रामाणिक मुलगी. "तसं... ॲडमिन बघू शकतो. आणि इनामदार सरांनी मागितलं तर..."

"नेहा, माझा फोटो काढ."

"म्हणजे नवीन काढायचाय?"

"नाही गं. ॲपवरून काढ. नाहीतर लिही खाली, की आत सिस्टर नाही, यंत्र आहे, आणि साहेब मागतील तर वाचतील."

ती हिरमुसली. मी इनामदार साहेबांकडे गेले आणि त्यांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "फोटोवर काय एवढं?" मी म्हटलं, "साहेब, तुमचा फोटो लावा. बघू किती मनमोकळं बोलतात." ते हसले नाहीत, पण फोटो गेला.

घरी मात्र मी माझ्या फोनला विचारलंच. नाव नाही, गाव नाही, डेअरी नाही. दोन जुने मित्र रुसलेत, एकमेकांना लिहून लिहून प्रकरण चिघळलंय, काय करावं? त्यानं लांबलचक उत्तर दिलं. त्यात शेवटी होतं, 'दोघांना समोरासमोर बसवा आणि त्यांचे मोबाइल बाजूला ठेवायला सांगा.' मी एकटीच हसत सुटले. यजमानांनी आतून विचारलं, काय झालं. म्हटलं, फोन म्हणतोय फोन ठेवा.

दिनकर यायला तयार झाला, पण अटीवर. "बसतो. पन त्ये मी सांगनार न्हाई."

दोघं आले. फोन मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवले. पंखा फिरत होता आणि दोघं पंख्याकडे बघत होते. मी दोघांनाही काही विचारलं नाही. नर्सच्या नोकरीत एक शिकले होते, की जखमेवर सारखं बोट लावायचं नसतं.

शेवटी हणमंतला राहवलं नाही. पण तो दहाव्याबद्दल बोललाच नाही. दिनकरकडे न बघता माझ्याशी बोलू लागला, कामाचं काढून.

"सिस्टर, एक मात्र हाय. माझ्या रजंत जो बदली मानूस दिला हुता न्हवं, लय भारी मानूस. मी आलो तर तेलाची पातळी बरोबर, पान्याच्या गळक्या व्हॉल्व्हाला माझ्यागतच सुतळी बांधल्याली, पुसायचं फडकं बी धुवून वाळत घातल्यालं. अशी मानसं आता कुठं ऱ्हायली? मला त्येला भेटायचं हुतं. पन कुनी नाव सांगंना. ह्यांना ठावं असनार, ह्ये साहेब हायत."

मी खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर एक टँकर उभा होता, त्याच्याकडे इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. ओठ आतून दाताखाली धरले होते.

दिनकर म्हणाला, "मी हुतो."

"काय?"

"बदली मानूस. मीच हुतो."

हणमंतनं मान वळवली. "समदं दिवस?"

"व्हय."

"आनि घरी कवा जायचास?"

"जायचो की. आंगोळीला."

"आनि दहाव्याला?"

"त्याच दिशी कंडेन्सरची मोटर जळली. सोडून कसा येनार? तुजा कॉम्प्रेसर बंद पडला असता तर तू परत येऊन मला शिव्या घातल्या असत्यास."

एकदम हणमंतचा नेहमीचा आवाज परत आला, भिंतीपलीकडे जाईल असा. "मंग सांगायचं न्हाईस व्हय रं?"

"तू इचारलंस कुठं?" दिनकरही आता चढला. "तू तर 'महोदय' म्हनून लिवलंस!"

हणमंत आधी हसला आणि मग डोळ्यांना पंचा लावून बसला. दिनकरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही. मी उठून टँकर बघायला जरा आणखी पुढे गेले.

नोटिशीचं असं झालं की दोघं आपण होऊनच इनामदार साहेबांकडे गेले. मी सोबत गेले, पण तोंड उघडलं नाही. हणमंतनं ती तक्रार आपण न वाचताच पाठवली होती हे सांगितलं. दिनकरनं दुहेरी पाळ्यांचंही सांगून टाकलं. साहेबांनी त्याला चांगलं झापलं, कारण झोपेत असलेला माणूस अमोनियाजवळ उभा होता, आणि ते त्यांचं बरोबरच होतं. मग त्यांनी विचारलं, "ही तक्रार लिहिली कुणी?"

"फोननं, साहेब."

"आणि वाचली कुणी?"

तिथंच लॅपटॉप घेऊन बसलेली नेहा हळूच म्हणाली, "ॲपनं, सर."

साहेबांनी नोटीस उचलली. "मग मी सही केली, ती तरी मीच केली ना?" असं म्हणून त्यांनी ती फाडली. ड्यूटीच्या सॉफ्टवेअरमध्ये सुतकाच्या रजेसाठी बदली माणूस आधीच ठेवायचा, असा बदल पुढे नेहानंच करून घेतला. ॲपवर आलेली तक्रार आधी माणसानं वाचायची हेही तिनंच ठरवलं. मी फक्त चहा पाजला.

बाहेर आल्यावर हणमंतनं मोटारसायकल काढली. दिनकर आपल्या गाडीकडे निघाला होता.

"तिकडं कुठं? हिकडं बस."

"कुठं जायचंय?"

"घरी. आईच्या फोटूम्होरं बस जरा. ती इचारत असंल, पोरगं कसं आलं न्हाई."

दिनकर मागे बसला. वॉचमननं गेट उघडलं आणि ते दोघं गावाच्या रस्त्याला लागले. हणमंत गाडी चालवतानाही ओरडूनच काहीतरी सांगत होता. घरी काय झालं ते मला दोघांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी खोलीत येते न येते तोच नेहा लॅपटॉप घेऊन आली. "मॅडम, ती तक्रार सिस्टिममध्ये अजून उघडीच दिसतेय. बंद करताना निकाल काय टाकू?"

"टाक, एकाच मोटारसायकलवरून गेले."

तिनं यादी खालीवर करून बघितली. "मॅडम, असा पर्याय नाहीये यात."

"नसू दे," मी म्हटलं, आणि तिला खिडकीशी बोलावलं. लांबच्या वळणावर ते दोघं अजून दिसत होते.